50 मीटरचा नियम मोबाईललाही लावा

संपादक महोदय,

शाळेच्या कँटीनमधे आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, फॅटवाले पदार्थ विकायचे नाहीत असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे, चांगलाच आहे, पण इथे कोपरखैरणेत नववी-दहावीची पोरं क्लास सुटला की गेटवर थांबतच नाहीत, मोबाईल काढतात आणि थोड्या वेळात कोल्ड्रिंक, चिप्स, बर्गर सोसायटीच्या वॉचमनकडे हजर. रात्री अभ्यासाला बसलेत तर ऑफरचं नोटिफिकेशन येतं ते वेगळंच. मग त्या 50 मीटरचं करायचं काय?

मोबाईल काढून घ्या असं मी म्हणत नाहीये, ते होणारही नाही, उलट मला वाटतं ह्याच मोबाईलने काम होईल. आमच्या सोसायटीतल्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात एवढंच ठरवलंय की जे पाकीट फोडाल त्याच्या मागच्या पोषणाच्या तक्त्याचा फोटो टाकायचा आणि साखर-मिठाचा हिशोब मांडायचा, कुणी कुणाला ओरडायचं नाही. कोल्ड्रिंकमधे 100 मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे 600 मिलीच्या बाटलीत 60 ग्रॅमच्या वर गेली की, आणि डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, हिशोबाने दिवसाला 25 ग्रॅमच्या आतच बरी! मिठाचं तर मोठ्यांनाही माहीत नसतं. पाकिटावर सोडियम लिहितात, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं, आणि दिवसभराचं मिळून 5 ग्रॅमच्या आत पाहिजे. हे मुलांनी स्वतः काढलं की ती एकमेकांना सांगत सुटतात, आईबापाने सांगितलेलं ह्या वयात कुठे पटतं. आता काही जणी भाजलेले चणे, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीचं सत्त्व ह्यांचेही आकडे टाकतात, ह्याचं मला खूप कौतुक आहे, कारण प्रश्न नुसता वजनाचा नाहीये, एनएफएचएस-5 ह्या सरकारी आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता, निघालाय. चिप्सनी पोट भरलं की रात्री भाजी-भाकरी कोण खाणार?

पण हे सगळं पाकीट हातात आल्यावरचं झालं. ऑर्डर करताना अ‍ॅपवर किंमत ठळक दिसते, साखर-मीठ शोधायला फोटो सरकवत शेवटपर्यंत जावं लागतं, आणि बर्गरचं तर बऱ्याचदा तेही सापडत नाही. किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात साखर आणि मीठ दाखवायची सक्ती एफएसएसएआयने करावी, आणि शाळेच्या वेळेत शाळेच्या पत्त्यावर असल्या पदार्थांची डिलिव्हरी बंद ठेवावी, अ‍ॅपला लोकेशन कळतंच की.

सीबीएसईने 2025 मधे शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं, तसं ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेने आपल्या शाळांत करावं, आणि नुसता बोर्ड नको, कॉम्प्युटरच्या तासाला मुलांकडून असे तक्ते एक्सेलमधे भरून घ्यावेत. ह्याला वेगळा निधी लागत नाही, येत्या जूनपासूनसुद्धा सुरू करता येईल.

— एक पालक, कोपरखैरणे, नवी मुंबई