लहान गावांसाठी तळ्यांचाही विचार व्हावा

महोदय,

नदीकाठच्या लहान गावात सांडपाणी प्रक्रिया केंद्र मंजूर झालं की चर्चा होते ती फक्त बांधकामाची. ते पुढे चालवायचं कुणी आणि कशावर, हे कुणी विचारत नाही. मी अशा केंद्रावर चालक होतो, म्हणून हे पत्र.

सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे टाकीत हवा फुंकून जिवाणूंकडून सांडपाणी साफ करून घेणं, १९१४ साली मँचेस्टरमध्ये पुढे आली. मोठ्या शहरांत ती आजही उपयोगी आहे. पण तिच्यातले जिवाणू हवेवर जगतात. टाकीतल्या पाण्यात लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू राखावा लागतो. वीज गेली, हवा फुंकणारा ब्लोअर थांबला आणि बराच वेळ तसाच राहिला, की पाणी काळं पडतं, वास सुटतो. वीज आली तरी टाकी लगेच सावरत नाही. रात्रपाळीत तेच पाणी नदीत उतरताना पाहून जीव तुटायचा.

जिथे जागा आहे तिथे स्थिरीकरण तळी का नकोत? पहिल्या खोल तळ्यात गाळ बसून कुजतो, पुढच्यात शेवाळ प्राणवायू पुरवतं, शेवटच्या उथळ तळ्यात ऊन रोगजंतू मारतं. वीज जवळपास लागतच नाही. जागा मात्र भरपूर लागते आणि काही वर्षांनी गाळ उपसावाच लागतो.

निविदा काढण्याआधी दोन्ही पर्यायांचा पुढच्या दहा वर्षांचा खर्च, म्हणजे वीजबिल, चालकाचा पगार आणि गाळउपसा, ग्रामस्थांसमोर मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त केंद्रचालक