सिलेक्टरआधी झाड दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षण पुरवणीतले वेबपेज शिकवणारे सदर मी बारावीच्या वर्गात आवर्जून वाचून दाखवते. जावास्क्रिप्टवरच्या ताज्या लेखात चाइल्ड आणि डिसेंडंट सिलेक्टर (पानातले घटक निवडण्याची सूत्रे) मात्र एका वाक्यात उरकले आहेत. मुले अडतात ती नेमकी इथेच, म्हणून हे पत्र.

व्याख्या मुलांना पाठ असते: दोन नावांमध्ये > असेल तर फक्त थेट मूल (लगेच आत बसलेला घटक), नुसती मोकळी जागा असेल तर कितीही खोलवरचा वंशज. आता चार पर्यायांचा मेनू घ्या, त्यातल्या एकाखाली तीन उपपर्याय आहेत. बाहेरच्या यादीचे (यूएल) नाव #मेनू, प्रत्येक पर्याय म्हणजे एलआय, आणि उपपर्यायांची आत वेगळी यूएल. '#मेनू एलआय' लिहिले की सातही एलआय हाती येतात आणि चारांसाठी लिहिलेले क्लिकचे काम सातांना चिकटते. मुले मग 'यूएल > एलआय' करून पाहतात. तरीही सातच! कारण आतले तीन एलआय आतल्या यूएलची थेट मुलेच आहेत. चारच हवे असतील तर '#मेनू > एलआय' असेच लिहावे लागते. कोणाचे मूल, हे ठरवल्याशिवाय > चा उपयोग नाही.

टेबलमध्ये तर हुशार विद्यार्थीही हटकून फसतो. त्याने टेबलच्या आत सरळ टीआर (ओळी) लिहिलेले असतात, पण 'टेबल > टीआर' ला एकही ओळ सापडत नाही. एचटीएमएल वाचताना ब्राउझर मध्ये टीबॉडी (ओळींना गुंडाळणारा घटक) स्वतःच घालतो, त्यामुळे टीआर हे टेबलचे नातवंड ठरते. विद्यार्थी बिचारा स्वतःचे स्पेलिंग तपासत बसतो. एफ१२ दाबून ब्राउझरच्या एलिमेंट्स खिडकीत पाहिले की टीबॉडी लगेच दिसते. ते पाहायला कोणी सांगितलेले नसते.

जुन्या नमुन्यांत > फारसे दिसत नाही, त्याचे कारणही लेखात यायला हवे होते. मोकळ्या जागेचा सिलेक्टर १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून (पानाची सजावट सांगणारी भाषा) आहे. > आले १९९८ च्या सीएसएस २ मध्ये. पण इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला ते कळतच नव्हते, २००६ च्या आवृत्ती ७ पासून कळू लागले. तोवर लोकांचा हात मोकळ्या जागेवर बसला होता, आणि मुले आजही तेच नमुने उतरवतात.

स्क्रिप्टमधली आणखी एक अडचण: एखादा घटक हाताशी घेऊन त्यावर क्वेरीसिलेक्टरऑल (सिलेक्टरला जुळणारे सारे घटक शोधणारी आज्ञा) चालवताना '> एलआय' अशी सुरुवात केली तर ब्राउझर एरर देतो. तिथे ':स्कोप > एलआय' लागते. :स्कोप म्हणजे तो हाताशी घेतलेला घटक; मुलांना हे सांगितले पाहिजे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या लेखापासून प्रत्येक कोडशेजारी त्या पानाचे झाड (कोणता घटक कोणाच्या आत आहे याचे चित्र) छापावे, फांद्यांसकट. सुरुवात टेबलपासून करावी आणि त्यात टीबॉडी ठळक दाखवावे.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका, सातारा