टोपलीकाम शिकवणाऱ्या ताईंना, कृतज्ञतापूर्वक

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या अनेकींनी मनातल्या मनात तुमचे आभार मानले असतील; मी ते चारचौघांत मानायचे ठरवले आहे. माझ्या घरातल्या बायकांविषयी मला जे सांगायचे होते ते टोपलीतून सांगता येते, हे मला तुमच्यामुळे कळले, आणि तुम्ही ते कसे शिकवलेत हे या कलेकडे वळू पाहणाऱ्या इतरांनाही ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्यापाशी आईच्या जुन्या सुती साड्या, आजीच्या गोधडीचे विरलेले काठ आणि मावशीच्या हिशेबाच्या वह्या होत्या. तुम्ही ते सगळे बाजूला ठेवायला सांगितलेत आणि साधा दोर व सुतळी देऊन आधी गुंडाळीची वीण शिकवलीत. दोराचे टोक निमुळते कापायचे, त्यावर सुतळी गच्च लपेटायची, त्याचे शक्य तितके लहान वेटोळे करून मध्य पक्का करायचा आणि मग पुढचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला सुईने टाचत न्यायचा, एवढेच ते तंत्र; पण नवा वेढा जुन्याच्या बाहेरच्या अंगाला बसवला की तळ पसरतो, थेट त्याच्या डोक्यावर बसवला की भिंत उभी राहते आणि किंचित आत ओढला की तोंड मिटू लागते, हे माझ्या बोटांना कळेपर्यंत तुम्ही मला दुसऱ्या कशालाही हात लावू दिला नाहीत. या आग्रहाबद्दल मी तुमची सर्वांत अधिक ऋणी आहे. कापड कितीही जिव्हाळ्याचे असो, वीण ढिली असेल तर टोपली उभीच राहत नाही, आणि जी उभी राहत नाही तिने आईविषयी काय सांगावे?

साडीला कात्री लावायची वेळ आली तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, ‘आईला विचारलेत का?’ तो प्रश्न तुम्ही विचारला नसता तर माझ्या कामाचा निम्मा गाभा मला मिळालाच नसता. मी साड्यांचा ढीग आईपुढे ठेवला, तिने त्यातली एक उचलून बाजूला काढली आणि ही कापायची नाही, ही मी माझ्या पहिल्या पगारातून घेतली होती, असे सांगितले. तिच्या नोकरीविषयी, त्या काळच्या तिच्या हौसेविषयी आणि सोडून द्याव्या लागलेल्या गोष्टींविषयी ती माझ्याशी इतके सविस्तर त्याआधी कधी बोलली नव्हती. उरलेल्या साड्यांचे सूत तुम्ही मला पाहायला शिकवलेत. उभ्या धाग्याच्या दिशेने फाडलेल्या पट्टीच्या कडेला तंतू सुटतात आणि टोपलीचा पृष्ठभाग लवदार होतो. तिरकी कापलेली पट्टी ताणली जाते आणि दोराभोवती सुरकुती न पडता बसते. म्हणून रोजच्या वापराने विटलेला भाग मी फाडून घेतला आणि पदर तिरका कापला. संपत आलेल्या पट्टीचे टोक एरवी आतल्या वेढ्याखाली दडवतात. आईची पट्टी संपून माझ्या मुलीच्या झग्याची पट्टी जिथे सुरू होते, तिथला जोड मात्र बाहेरून दिसू द्या, असे तुम्ही सुचवलेत, आणि त्या टोपलीकडे पाहणाऱ्याचे बोट आज नेमके त्या जोडावर जाते.

हातात काम असताना तुम्ही आम्हाला जगभरच्या टोपलीकारांविषयी सांगत असा. त्यांतली एल्सी ॲलन यांची हकिकत माझ्या मनात कायमची राहिली. एल्सी ज्या समाजातल्या होत्या त्या कॅलिफोर्नियातील पोमो या मूलनिवासी समाजात विणणारीच्या मृत्यूनंतर तिच्या टोपल्या तिच्यासोबत पुरण्याची रीत होती. एल्सी यांच्या आईने मात्र मुलीला विनवले की, माझ्या टोपल्या पुरू नकोस, त्या पाहून इतरांना शिकता येऊ दे. एल्सी यांनी ते वचन पाळले, घराबाहेरच्या लोकांनाही ही विद्या शिकवली आणि त्यासाठी आपल्याच लोकांची नाराजी पत्करली. साउथ कॅरोलायनाच्या मेरी जॅक्सन यांनी लहानपणी आई आणि आजीकडून सुगंधी गवताच्या टोपल्या शिकून घेतल्या. गुलाम करून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांबरोबर आलेल्या या विणीला त्यांनी इतके नवे आणि डौलदार आकार दिले की 2008 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची पाठ्यवृत्ती मिळाली. चमच्याचा दांडा घासून केलेली टोकदार पट्टी हे तिथल्या विणणाऱ्या बायकांचे पिढीजात हत्यार, हे तुमच्याकडून ऐकले तेव्हा आपल्या घरातल्या वस्तूंकडेही मी निराळ्या नजरेने पाहू लागले.

मावशीच्या वह्या न कापता टोपलीत कशा आणायच्या, हा प्रश्नही असाच सुटला. अमेरिकेतल्या चेरोकी या मूलनिवासी समाजाच्या कलावंत शान गोशॉर्न (1957–2018) ऐतिहासिक कागदपत्रे आणि छायाचित्रे नव्याने छापून घेत, त्या छापील कागदाच्या पट्ट्या कापत आणि त्यांतून आपल्या समाजाच्या पारंपरिक विणीच्या टोपल्या घडवत. कार्लाइल इथल्या, मूलनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत पाठवलेल्या मुलांची नावे त्यांनी अशाच एका टोपलीत विणली. त्यांचा दाखला देऊन तुम्ही मला मूळ वह्या जपून ठेवायला आणि पानांच्या प्रती जाड कागदावर काढून त्यांच्या पट्ट्या करायला सांगितलेत. दुधाचा हिशेब, भाच्यांच्या शाळेची फी, स्वतःसाठी घेतलेल्या चपलांची एकुलती एक नोंद, हे सगळे आता उभ्याआडव्या पट्ट्यांमधून अर्धे दिसते आणि अर्धे दडते.

मावशीच्या टोपलीविषयी तुमच्याशी झालेले बोलणे मला इथे नोंदवलेच पाहिजे. स्त्रीत्व आणि टोपली हे शब्द शेजारी आले की बहुतेकांना लगेच गर्भाशय सुचते. मला ती उपमा अपुरी वाटते, कारण माझ्या मावशीने लग्न केले नाही, तिला मूल झाले नाही, आणि तरीही आमचे घर तिच्याच कमाईवर व कष्टावर तगले. तुम्ही माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतलेत आणि, मग तिचा आकार तुम्हीच शोधा, एवढेच म्हणालात. तिची टोपली सगळ्यांत उंच आहे, तळ रुंद आणि तोंड अरुंद आहे, आणि तिला घट्ट बसणारे झाकण आहे. कारण मावशी सगळ्यांना पुरून उरली, पण स्वतःविषयी फारसे कधी बोलली नाही. आई, आजी आणि मुलगी यांच्या टोपल्या मी तिच्याभोवती मांडते. कुटुंबाचा सोहळा करायचा तर ज्यांची नावे वंशावळीच्या कडेला राहतात त्यांना मध्यभागी आणले पाहिजे, असे मला वाटते, आणि तसे करण्याचे धैर्य मला तुमच्या त्या एका वाक्याने दिले.

कापड विणण्याचे बहुतेक काम केव्हाच यंत्रांवर गेले, टोपली मात्र आजही हातानेच विणावी लागते. त्यामुळे ही विद्या एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी बसूनच द्यावी लागते, आणि तुम्ही ती देताना तुमचा वेळ, तुमची हत्यारे आणि तुमचे साहित्य यांतले काहीही हातचे राखून ठेवले नाही. माझ्या चुकलेल्या वेढ्याला तुम्ही स्वतः कधी हात लावला नाहीत. तो मलाच उसवायला लावलात आणि मी पुन्हा टाचेपर्यंत जवळ बसून राहिलात.

माझ्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी, आम्हाला शिकवशील का, असे मला विचारले आहे. तुमची परवानगी असेल तर मी त्यांनाही दोर आणि सुतळीपासूनच सुरुवात करायला सांगीन आणि ही पद्धत कोणाची आहे हे पहिल्याच दिवशी त्यांच्या कानावर घालीन. त्यांचा मध्य पक्का झाला की एकदा येऊन त्यांचे काम पाहावे, अशी तुम्हाला विनंती आहे.

मनःपूर्वक आभार.

आपली विद्यार्थिनी