आधी मांड, मग लगाम

महोदय,

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की घोडेस्वारीच्या शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पहिल्याच आठवड्यात घोडा पळवायला मिळेल, या आमिषाला पालक भुलतात. २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसेजचे (घोड्याकडून ठरावीक चाली आणि आकृत्या बिनचूक करवून घेण्याच्या प्रकाराचे) सांघिक सुवर्ण जिंकले, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. मुलांना ड्रेसेज शिकावेसे वाटले तर आनंदच आहे. पण ड्रेसेज जिथून सुरू होते तीच पायरी अशा शिबिरांत गाळली जाते. ती म्हणजे लंजिंग, लांब दोरीवर घोडा गोल फिरवत स्वाराची मांड, म्हणजे खोगिरातली बैठक, पक्की करून घेणे.

यात घोडा प्रशिक्षकाच्या ताब्यात असतो. सात-आठ मीटरची दोरी, साधारण पंधरा मीटर व्यासाचे वर्तुळ. स्वाराच्या हाती लगाम नाही आणि थोडे जमू लागले की पाय रिकिबीतही नाहीत. सुरुवातीला खोगिराचा पुढचा उंचवटा खुशाल धरावा. कान, खांदा, खुबा आणि टाच ओळंब्यात हवी. वीस मिनिटे पुरेत. त्यापुढे मांड्या थकतात आणि जमलेलेही बिघडते. डाव्या-उजव्या हाताला सारखाच वेळ फिरवावे, नाहीतर घोडा आणि स्वार दोघेही एका अंगावर कलतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवा स्वार महिनोन्‌महिने असा दोरीवरच असतो. आपल्याकडे दोन दिवसही कोणाला धीर नाही.

ही पायरी गाळली की दुडकीत सगळे उघडे पडते. घोड्याची पाठ दर पावलाला उचलते, घाबरलेला स्वार गुडघे आवळतो. गुडघे आवळले की बैठक खोगिरातून सुटते, टाच वर येते, तोल जातो आणि सावरायला हात लगामाला लोंबकळतात. तो हिसका थेट घोड्याच्या तोंडाला बसतो. घोडा मान वर टाकतो, पाठ खाली दाबतो, चाल आणखी आदळते आणि स्वार आणखी आवळतो. अशा वेळी प्रशिक्षक ‘टाच खाली!’ म्हणून ओरडत राहतात. त्याने पोटरी तेवढी ताठ होते; मूळ दुखणे मांडीत असते.

लगाम हाती आल्यावर पहिला धडा वीस मीटरच्या वर्तुळाचा. २० बाय ४० मीटरच्या मैदानात टोकाला काढलेले हे वर्तुळ लांब बाजूला कोपऱ्यापासून बरोबर दहा मीटरवर टेकते. मैदानाच्या कडेला खुणेसाठी अक्षरे लावलेली असतात; त्यातले जवळचे अक्षर मात्र कोपऱ्यापासून सहा मीटरवर असते. शिकाऊ स्वार अक्षर दिसले की तिथेच टेकतो, मग कोपऱ्यात शिरतो आणि वर्तुळाचे अंडे होते. टेकण्याच्या चारही जागी शंकू ठेवावेत. आतला लगाम ओढून वळवू गेले तर मान तेवढी वळते, खांदा बाहेर निसटतो. आतला पाय तंगापाशी (खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यापाशी), बाहेरचा चार बोटे मागे आणि बाहेरचा लगाम स्थिर ठेवला की घोडा खांद्यासकट वळतो. अनेक वर्षे उड्यांच्या स्पर्धा केलेल्या स्वारांचेही नेमके इथेच अडते.

वयाची धास्ती घेऊ नये. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसेजला उतरले ते ७१ व्या वर्षी. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्यांखाली लुळे पडले होते, तरी १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी रौप्य मिळवले. पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी ठोकळ्यावरून चढावे. जमिनीवरून चढताना खोगीर सरकते आणि घोड्याच्या पाठीला एकाच बाजूने ओढ बसते. खुबे आखडलेले असतात, म्हणून पहिली दहा मिनिटे नुसते चालवावे. लहान मुलांना रुंद पाठीचा घोडा देऊ नये. पाय फाकले की मांड बसतच नाही.

नाव घालण्याआधी पालकांनी एक तास मैदानाच्या कडेला उभे राहावे. लंजिंगसाठी शांत घोडा वेगळा ठेवला आहे का, दोरीवर एका वेळी एकच स्वार आहे का, हे पाहावे. दहा-बारा मुले एकामागे एक रांगेत फिरत असतील तर घोडे पुढच्याचे शेपूट बघून चालत आहेत, मुलांचे ऐकून नव्हे. तिथे फी कमी असली तरी दुसरा क्लास शोधावा.

– एक अश्वारोहण प्रशिक्षक, पुणे