‘मूळ संच’ म्हणजे नेमका कोणाचा?

मा. संपादक,
स. न.

‘गन्स एन रोझेस’च्या मुंबईतील कार्यक्रमावरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. एका पाश्चात्य रॉक बँडला आपण मराठी वाचकांसाठी अर्धे पान दिलेत, याबद्दल आभार. मात्र ‘प्रथमच भारतात’ आणि ‘मूळ संच पुन्हा एकत्र’ ही त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसऱ्या विधानाने माझ्यासारख्या जुन्या चाहतीला खरोखर दुखावले आहे.

पहिल्या विधानाविषयी फार लिहीत नाही. हा बँड डिसेंबर २०१२ मध्ये भारतात येऊन गेला आहे. मुंबईतील तो कार्यक्रम मी आणि माझ्या थोरल्या भावाने सकाळच्या डेक्कन क्वीनने जाऊन पाहिला आणि पहाटे दादरहून टॅक्सीने परतलो. त्या वेळी मूळ सदस्यांपैकी मंचावर होता तो एकटा ॲक्सल रोझ, बँडचा गायक. गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये आणि बास गिटार वाजवणारा डफ मॅकेगन त्याच्या पुढच्या वर्षी बँड सोडून गेले होते. वाजवणारे सगळे कसबी होते, तरीही अर्ध्या कार्यक्रमात दादा गर्दीतून मागे जाऊन बसला. ‘नाव तेच आहे, घर दुसऱ्याचे आहे,’ एवढेच तो परतीच्या वाटेवर बोलला. त्याही वेळी मी आपल्याकडे पत्र पाठवले होते. ते छापून आले नाही.

आता ‘मूळ संचा’विषयी. १९८७ साली ज्या पहिल्या अल्बमने या बँडला जगभर नेले, तो पाच जणांचा होता: ॲक्सल, स्लॅश, डफ, ऱ्हिदम गिटार वाजवणारा इझी स्ट्रॅडलिन आणि ड्रमर स्टीव्हन ॲडलर. २०१६ मध्ये जे ‘पुनर्मीलन’ झाले, ते यांतील तिघांचे. ॲडलर त्या वर्षी काही मोजक्या कार्यक्रमांत एखाददुसऱ्या गाण्यापुरता पाहुणा म्हणून आला आणि इझी आलाच नाही. मिळकतीची वाटणी समान करायला बाकीचे तयार नव्हते, असे त्याने सांगितल्याचे तेव्हा छापून आले होते. त्या दौऱ्याने पुढे तीन-साडेतीन वर्षांत सुमारे ५८ कोटी डॉलरचा गल्ला केला. कलावंतांनी पैसा मिळवू नये असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या हातून इतकी गाणी उतरली, तो माणूस वाटणीवरून बाहेर राहत असेल, तर उरलेल्यांना ‘मूळ संच’ म्हणताना लिहिणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळायला हवा.

हे मला इतके का लागते, ते सांगते. आमचे वडील दरवर्षी आम्हा दोघांना रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन जात. गाणाऱ्याला दाद सगळेच देतात, तुम्ही साथ ऐका, असे ते आम्हाला नेहमी सांगत. १९८९ साली दादाने या बँडची कॅसेट नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आणली, तेव्हा शेजारी तक्रार घेऊन आले. वडील मात्र दाराशी उभे राहून एक अख्खे गाणे ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारले, ‘ठेका कोण धरतोय?’ गायकाविषयी किंवा गिटारविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. दादाने कॅसेटचे कव्हर उलटून स्टीव्हन ॲडलरचे नाव वाचून दाखवले. पुढे १९९१ मध्ये बँडचे दोन अल्बम एकाच दिवशी आले आणि दादाने पहिलेच गाणे ऐकून, कव्हर न पाहता, सांगितले की माणूस बदललेला आहे. ते खरे होते. ॲडलरला व्यसनापायी आदल्या वर्षीच काढून टाकले होते आणि त्याच्या जागी मॅट सोरम आला होता. सोरम भक्कम वाजवतो. पण ॲडलरच्या ठेक्यात जो झोका होता, गाणे किंचित पुढे ढकलत नेण्याची जी खुबी होती, ती त्याच्याबरोबर गेली ती गेलीच. १९९१च्याच नोव्हेंबरमध्ये इझीही बाहेर पडला.

या वेळी दादा मुंबईला आला नाही. मी गेले, आणि तीन जुने चेहरे एका मंचावर पाहून माझे डोळे भरून आले, हे मला लपवायचे नाही. साठी ओलांडलेल्या ॲक्सलचा आवाज वरच्या पट्टीत विरत होता. स्लॅशच्या बोटांना मात्र वय झालेले दिसले नाही. ज्या दृश्यासाठी चौतीस-पस्तीस वर्षे थांबले, ते समोर होते, आणि तरीही माझी नजर पुन्हा पुन्हा मागे, ड्रमकडे जात होती. मध्येच दादाला फोन लावून तो मंचाच्या दिशेने उंच धरला. बराच वेळ ऐकून त्याने वडिलांचाच प्रश्न विचारला. मी सांगितले, आयझॅक कार्पेंटर, मार्चमध्येच आला आहे, एकोणीस वर्षे वाजवणाऱ्या फ्रँक फेररच्या जागी. ‘चांगला वाजवतोय,’ दादा म्हणाला, आणि आणखी दोन गाणी त्याने फोन ठेवला नाही.

आपल्या अर्ध्या पानाच्या लेखात या कार्पेंटरचे नाव कुठेही नाही. २०१२ मध्येही मंचावर असलेल्या आणि आजही असलेल्या कीबोर्डवादक डिझी रीड आणि गिटारवादक रिचर्ड फॉर्टस यांचेही नाव नाही. सवाईचे वार्तांकन करताना आपले प्रतिनिधी तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोणते शिष्य, हे न चुकता लिहितात. किंबहुना तेवढ्यासाठीच आमच्या घरी आपला अंक येत असे. मग तोच नियम रॉकला लावताना ड्रमर गाळला का जातो? आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते, उंच टोपी घालून गिटार वाजवणाऱ्या स्लॅशच्या छायाचित्राखाली आपण ‘गायक ॲक्सल रोझ’ असे छापले आहे. क्रिकेटपटूंच्या बाबतीत ही चूक झाली असती, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली असती.

येत्या रविवारच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे: बँड पूर्वीही भारतात आला होता, पाच मूळ सदस्यांपैकी तिघेच मुंबईत होते, इझी स्ट्रॅडलिन आणि स्टीव्हन ॲडलर नव्हते, आणि ड्रमवर आयझॅक कार्पेंटर यांनी साथ केली. दादाकडे रविवारी आपलाच अंक येतो.

आपली,
एक जुनी वाचक,
नारायण पेठ, पुणे