फोटोत चेंडू कुठे आहे?

संपादक महोदय,

फुटबॉलच्या सरावासाठी शाळांनी कोणती साधनं घ्यावीत, हे सांगणारा तुमचा कालचा लेख वाचला. फोटो सुरेख आलाय. मी दोनदा मोजलं: नऊ मुलं, चौदा नारिंगी कोन (म्हणजे शंकू), एक लॅडर (पायांच्या सरावासाठी जमिनीवर पसरायची शिडी). चेंडू एकही नाही! लेखात जे लिहायचं राहिलं ते तुमच्या छायाचित्रकाराने दाखवलं, त्याचं अभिनंदन.

माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या शाळेत यंदा असंच सामान आलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या पालकांत मीही होतो. मग एका शनिवारी कुंपणाशी उभं राहून अख्खा तास पाहिला. पहिली दहा मिनिटं सर टेप लावून कोन मांडत होते. मग तीस मुलांची एक रांग. एकाने कोनांमधून नागमोडी चेंडू न्यायचा, वळून आणायचा, पुढच्याला द्यायचा. बाकी एकोणतीस उभे. चाळीस मिनिटांच्या तासात मुलीचा नंबर तीनदा लागला. उरलेला वेळ ती बुटाच्या टोकाने माती उकरत होती.

चेंडू एकच का, म्हणून विचारलं. कपाटात आणखी सहा आहेत म्हणे, पण हवा गेलेली. पंप आहे, पिन हरवलीय. म्हणजे लॅडरला पैसे आहेत, पिनेला नाहीत.

आणि तो एकुलता चेंडू पाच नंबरचा! मोठ्यांच्या सामन्यातला, ४१० ते ४५० ग्रॅमचा. नऊ वर्षांच्या पोरीने पायाच्या आतल्या बाजूने पास द्यावा अशी अपेक्षा, आणि चेंडू असा की पोर टोकानेच ठोकरणार. या वयाला तीन किंवा चार नंबरचा देतात, हे लेखात एका ओळीत आलं असतं तरी पुरे होतं.

साधनांशी माझं वैर नाही, पण कोन कधी चेंडू हिसकावायला पाय घालत नाही, त्यामुळे मुलाची मान वर होतच नाही. त्याच चार कोनांचा चौकोन करा, तिघांनी पास द्यायचे, चौथ्याने हिसकावायचं. चार मुलांत एक चेंडू, रांग नाही. लॅडरने पाय चपळ होत असतील, पण चेंडू थांबवायला त्याने कोणी शिकत नाही.

तुम्ही शिफारस केलेल्या, चेंडू परत उसळवणाऱ्या जाळीचं काम शाळेची मागची भिंत फुकट करते. तिच्यावर चेंडू मारला की मुलांना ओरडा बसतो, रंग खराब होतो म्हणून.

पिन मी सोमवारी नेऊन दिली. कपाटाची किल्ली अजून सापडायची आहे.

आपला,
एक पालक

ता. क. शालेय स्पर्धांच्या तुमच्या बातम्यांत बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची सगळी नावं असतात, गोल करणाऱ्याचं नसतं. या विषयावरचं माझं आधीचं पत्र तुम्ही छापलं नव्हतं, म्हणून हे इथे घुसडलंय.