वजाबाकीतला हातचा नक्की येतो कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना वजाबाकी येत नाही अशी बातमी अधूनमधून येते, आपण सगळे चुकचुकतो, मोबाईलला शिव्या घालतो आणि पान उलटतो. असरचा (गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणारं सर्वेक्षण) २०२४चा अहवाल आला त्यात ग्रामीण भारतातली तिसरीची फक्त ३३.७ टक्के मुलं किमान वजाबाकीपर्यंत पोचलेली होती, म्हणजे दोन अंकी, हातच्याची, आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की हा आकडा सुधारलेला आहे, २०२२मध्ये तो २५.९ होता. माझं म्हणणं एवढंच की किती मुलांचं चुकलं हे आपण मोजतो पण काय चुकलं ते कोणी बघत नाही, फुली मारली की विषय संपला.

मी शिक्षक नाही हे आधीच सांगतो. बँकेत कॅशियर होतो, आता रिटायर, संध्याकाळी नातीला आणि तिच्याबरोबर सोसायटीतल्या पोरांना गणिताला घेऊन बसतो. तर परवा एकानं ५०३ वजा १७८ बरोबर ४७५ लिहून आणलं. त्याची आई म्हणाली बघा काका, अजिबात लक्ष नसतं. पण नीट बघा, त्यानं ३ आणि ८मध्ये मोठ्यातून लहान काढला, ५ आले, ० आणि ७चं तेच, ७ आले, ५तून १ गेला ४. तीनही घरात एकच नियम लावलाय आणि तो त्याला कोणीतरी शिकवलाय, "नेहमी मोठ्या संख्येतून लहान वजा करायची", पहिलीत एक अंकी वजाबाकीला हे वाक्य सगळेच सांगतात आणि तिथे ते चालूनही जातं. म्हणजे लक्ष नसतं हे काही खरं नाही, उलट पोरगा सांगितलेलं तंतोतंत पाळतोय. बेरजेत पण तसंच, ५८ अधिक ६७ बरोबर १११५, आठ नि सात पंधरा, पाच नि सहा अकरा, दोन्ही बेरजा बरोबर, फक्त शेजारी शेजारी ठेवून दिल्या. आणि तीनशे पाच लिहायला सांगा, ३००५ लिहिणारी पोरं तुम्हाला प्रत्येक वर्गात सापडतील, आधी तीनशे लिहिलं मग पाच लिहिलं, ऐकलं तसं.

ह्या ३००५ वरून मला नेहमी नाणेघाट आठवतो. जुन्नरजवळच्या त्या सातवाहनांच्या लेण्यात नागनिका राणीच्या काळातला लेख आहे, यज्ञात कोणाला किती गायी नि किती नाणी दिली त्याचे आकडे कोरलेत, ट्रेकला जाणारे तिथे फोटो काढून पुढे जातात. त्या आकड्यांत दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, आणि सातशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला सातची खूण जोडलेली. शून्य नाहीच, कारण त्या पद्धतीत त्याची गरजच पडत नाही. म्हणजे तीनशे पाच त्यांनी तीनशेची खूण आणि पाचची खूण असंच लिहिलं असतं, आपलं दुसरीतलं पोरगं करतं तेच. नुसत्या जागेवरून किंमत ठरवायची आणि रिकाम्या घरात शून्य ठेवायचं ही गोष्ट भारतात पक्की व्हायला त्यानंतर काही शतकं गेली, आणि आपण ती वर्गात एका आठवड्यात उरकतो, एकक दशक शतक असे तीन रकाने आखले, स्थानिक किंमत दर्शनी किंमत पाठ करून घेतली, चला पुढचा धडा.

आता ह्यात माझा काय अधिकार, तर आयुष्यभर नोटा मोजल्या. नोटांचं एक बरं असतं की शंभराची नोट ही शंभराचीच असते, कुठेही ठेवा. म्हणून पोरांना मी आधी रकाने दाखवतच नाही. पुठ्ठ्याच्या नोटा केल्यात, १, १० आणि १००च्या, एवढ्याच. एक जण कॅशियर बनतो बाकीचे गिऱ्हाईक. कॅशियरकडे नियम एकच, दहा नोटा एका जातीच्या जमल्या की बदलून वरची घ्यायची, हातात नऊपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. ५८ आणि ६७ एकत्र करा म्हटलं की पंधरा सुट्टे होतात, दहा देऊन एक दहाची येते, आता दहाच्या झाल्या बारा, त्यातल्या दहा देऊन शंभराची एक, हातात उरलं १२५. हातचा म्हणजे काय हे सांगावंच लागत नाही, तो त्याच्या हातातच असतो.

खरी मजा वजाबाकीला. ५०३ दिलेत, पाच शंभराच्या आणि तीन एकच्या, ह्यातून मला १७८ दे. पोरगं आधी आठ सुट्टे शोधतं, तीनच आहेत. दहाची मोडू म्हणतं, तर दहाची एकही नाही. इथे थोडा वेळ गप्प बसायचं असतं, पालकांना हे जमत नाही, लगेच "अरे शेजाऱ्याकडून उसना घे ना" सुरू होतं. नाही बोललात तर ते स्वतःच शंभराची घेऊन कॅशियरकडे जातं, दहाच्या दहा आणतं, त्यातली एक परत नेऊन मोडतं. आता पुढ्यात काय आहे, चार शंभराच्या, नऊ दहाच्या, तेरा सुट्टे. शून्याच्या डोक्यावर ९ का लिहायचा हा जो यक्षप्रश्न असतो त्याचं उत्तर त्याच्या समोर मांडलेलं असतं. मग वहीत लिहायला लावा, १३तून ८ गेले ५, ९तून ७ गेले २, ४तून १ गेला ३, ३२५. आणि हो, उसना हा शब्द मला पटत नाही, उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, पोरं विचारतात कधी परत द्यायचं, मी म्हणतो मोड घेतली रे, उसनं नाही.

घराघरात अजून एक भांडण चालतं ते कोणी लिहीत नाही. आमच्या पिढीचा वजाबाकीतला हातचा वेगळा. आम्ही म्हणायचो, तिनातून आठ जात नाहीत, तेरातून आठ गेले पाच, हातचा एक, सात नि एक आठ, शून्यातून आठ जात नाहीत, दहातून आठ गेले दोन, हातचा एक, एक नि एक दोन, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वरच्याला दहा वाढवले की खालच्या पुढच्या घरात एक वाढवायचा, वरचं काही खोडायचं नाही. शाळेत आता वरचा अंक कमी करतात. दोन्ही बरोबर आहेत, आमच्यात दोन्ही संख्या सारख्याच वाढवल्या म्हणून फरक तेवढाच राहतो. पण शाळेतून वरचा ५ खोडून ४ करून आलेल्या पोराला आजोबा खालच्या १चे २ करायला लावतात आणि मग ते बिचारं दोन्ही करतं, वर पण कमी, खाली पण जास्त, उत्तर येतं २२५, ते बाईंनी खोडलं की आजोबा म्हणतात हल्लीच्या शाळाच भिकार. आजीआजोबांना विनंती आहे, आपली पद्धत जरूर दाखवा पण चौथी-पाचवीत, एक पक्की झाल्यावर.

मोठ्या संख्यांत मोडण्यापेक्षा भारी वाट कधी कधी दुसरीच असते. ४०,००३ वजा १७,८६८ हे मांडून करायला गेलं की शून्यांवरून मोड घेत घेत पोरगं दमतं आणि कुठेतरी नऊच्या जागी दहा ठेवतं. त्यापेक्षा दोन्हीतून चार चार काढून टाका, ३९,९९९ वजा १७,८६४, हातच्याचा प्रश्नच मिटला, सरळ २२,१३५. पाचवीतल्या एका पोरीला हे दाखवलं तर ती म्हणाली हे चीटिंग आहे. फरक तोच राहतो हे मग तिनं पट्टीवर करून बघितलं, ३ ते ८ आणि २ ते ७, दोन्हीकडे पाच, तेव्हा कुठे मान्य केलं. भाजीवाले सुट्टे परत देताना असंच काहीतरी करतात, १७८च्या भाजीचे ५०३ दिले तर दोन दिले १८०, वीस दिले २००, तीनशे दिले ५००, वरचे तीन परत, झाले ३२५, खोडाखोड नाही. आणि हे नुसतं माझं मत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञ मंडळींचा अभ्यास २०२५मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आलाय, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशोब पटापट करतात पण तेच शाळेसारखं मांडून दिलं की अडकतात, आणि शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबाला अडकतात. दोघांनाही अर्धं अर्धंच मिळालंय.

२०१९चा गोंधळ तुमच्या वाचकांना आठवत असेल, दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक असं पण म्हणून दाखवलं म्हणून केवढा गदारोळ झाला, विधानसभेत विषय गेला, व्हॉट्सअपवर तर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्या शांतपणे समजावत होत्या, पण जोक करणाऱ्यांना ऐकायचंच नव्हतं. ताई २०२३मध्ये गेल्या. त्यांचा उपाय बरोबर की चूक ह्यावर मतं असू शकतात, मी स्वतः एकवीस बावीसच शिकवतो, पण त्या बाईंनी निदान पोरं कुठे अडखळतात ते बघितलं होतं. आपण सगळ्यांनी नावांवर भांडून घेतलं, वहीतल्या ४७५कडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मोठ्या संख्या म्हटलं की अजून एक. निपुण भारत ह्या केंद्र सरकारच्या लिहिणं-वाचणं-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टात तिसरीला ९९९९पर्यंत संख्या वाचता लिहिता यायला हव्यात. ठीक आहे, पण हजार म्हणजे किती हे पोरानं कुठे बघावं? हजाराची नोट नोव्हेंबर २०१६मध्ये गेली, दोन हजाराची आली ती पण २०२३मध्ये काढून घेतली, आता घरात तर बाबा क्यूआर कोड दाखवतात आणि पैसे जातात, पोराला नोट मोडताना दिसतच नाही. मी जुन्या सवयीनं गड्डी सांगतो, बँकेत शंभर नोटांचं एक पाकीट असतं, दहाच्या नोटांचं पाकीट म्हणजे हजार, शंभराच्या नोटांचं दहा हजार, आणि तसली दहा पाकिटं म्हणजे लाख. सिनेमात सूटकेस उघडतात ना, ती बघून किती असतील ते आता आमची पोरं सांगतात. पे-इन स्लिपच्या झेरॉक्स आणल्यात, त्यात नोटांची संख्या, रक्कम, बेरीज आणि शेवटी "अक्षरी रुपये" भरायचं. ह्या अक्षरी रुपयांसारखा मास्तर नाही, ३००५ लिहिलेलं पोरगं अक्षरी लिहायला गेलं की स्वतःच थबकतं.

स्वल्पविरामाचं मात्र शाळांनी खरंच बघावं. पुस्तकात १२,३४,५६७ आणि काही फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये १,२३४,५६७, सेमी इंग्रजीच्या पोराला यूट्यूबवर मिलियन ऐकू येतो आणि वर्गात दशलक्ष. दोन्ही यायला पाहिजेत पण आधी आपलं, उजवीकडून तीन आणि मग दोन दोन, हे हातात बसू द्या.

आता तुमच्याकडे एक मागणं. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी चित्रं रंगवायला देता, कोडी देता, त्याऐवजी एकदा खेळातल्या नोटांचं एक अख्खं पान छापा, कापून घ्यायला. १, १०, १००, १००० आणि १०,०००, प्रत्येकी वीस. खऱ्या नोटेसारख्या दिसायला नकोत, नुसता आकडा आणि वेगवेगळा रंग पुरे. दहा हजाराची बघून लोक हसतील, तर रिझर्व्ह बँकेनं ती १९३८मध्ये खरंच काढली होती आणि शेवटची १९७८ला बंद झाली, तेही बाजूला दोन ओळीत छापा. पाच, पन्नास, दोनशे, पाचशेच्या नोटा मात्र अजिबात नकोत, त्या आल्या की दहाला एक हा नियम मोडतो आणि सगळा खेळ बिघडतो. कागद जमलं तर जरा जाड वापरा, नाहीतर पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम आमच्याकडे येतं.

आपला,
एक निवृत्त कॅशियर, सांगली